ऐकणाऱ्यांनी स्वतःसाठी मदत कशी घ्यावी

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाचे काम करताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. परिचारिका पहिल्यांदा दार लोटून आत येते, तेव्हा बहुधा ती स्वतःसाठी आलेली नसते. 'आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरला झोप लागत नाही, तिला काय सांगू?' असे ती विचारते, उत्तर नीट ऐकून घेते आणि उठते. दाराशी पोहोचल्यावर मात्र मागे वळून हळूच म्हणते, 'हे साधारण किती दिवसांत कमी होतं?' ती दुसरी सिस्टर कोण, हे तोवर आम्हा दोघींनाही कळलेले असते.

हे लेखन तिच्यासारख्यांसाठी आहे : परिचारिका आणि ब्रदर, निवासी डॉक्टर, आशा आणि अंगणवाडी सेविका, वैद्यकीय समाजसेवक, हेल्पलाइनवर बसणारे स्वयंसेवक, विशेष मुलांचे शिक्षक आणि आम्ही समुपदेशक. मानसिक मदत म्हणजे काय हे या मंडळींना माहीत असते, ती कुठे मिळते हेही साधारण ठाऊक असते आणि दुसऱ्याला समजावून तिकडे पाठवण्याचे कसब तर अंगात मुरलेले असते. अडते ते स्वतः समोरच्या खुर्चीत बसताना. त्यामुळे पुढे ती खुर्ची कशी निवडावी आणि तिच्यात कसे बसावे यावर अधिक लिहिले आहे, आणि पत्ते, कायदे वगैरे माहिती महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून, लागेल तेवढीच दिली आहे.

दुखणे कुठले, ते आधी ओळखा

'फार स्ट्रेस आहे' या एका वाक्यात निदान चार निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि त्यांचे उपाय एक नाहीत, म्हणून कोणाकडे जायचे हे ठरवण्यापूर्वी थोडी फोड करून पाहावी.

पहिले दुखणे कामाच्या ओझ्याचे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात सेवा देत असत; तिथल्या उत्साही स्वयंसेवकांना आणि स्वतःलाही विझत जाताना पाहून त्यांनी १९७४ साली त्या अवस्थेसाठी 'बर्नआउट' हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली आहे, आणि तिची तीन लक्षणे दिली आहेत : गळून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. वॉर्डाच्या भाषेत सांगायचे तर, रुग्ण 'सतरा नंबर' होतो, नातेवाइकाने दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की डोक्यात तिडीक जाते, आणि पगाराच्या दिवशीही बरे वाटत नाही.

दुसरे दुखणे दुसऱ्याच्या यातना सतत पाहण्याचे. याला करुणेचा थकवा म्हणतात. हा थकवा ड्यूटीच्या तासांवर अवलंबून नसतो. एखाद्याच प्रसंगानेही तो येऊ शकतो. भाजून दाखल झालेल्या मुलीचा आवाज घरी कुकरच्या शिट्टीत ऐकू येणे, एका विशिष्ट खाटेजवळून जाणे टाळणे, स्वतःचे मूल पाच मिनिटे उशिरा आले तरी नको ते डोळ्यांसमोर येणे, ही त्याची चिन्हे आहेत. हेल्पलाइनवरील स्वयंसेवकांना हे केवळ ऐकण्यातूनही होते, कारण न पाहिलेले दृश्य मन स्वतःच रंगवते.

तिसरे दुखणे अपराधाचे असते. काय करायला हवे होते हे ठाऊक होते, पण करता आले नाही. खाट नव्हती, रक्त वेळेत आले नाही, वरिष्ठांनी गप्प राहायला सांगितले. कोविडच्या काळात ऑक्सिजनच्या खाटेसाठी आलेल्या माणसांना फाटकावरून परत पाठवावे लागलेले कितीतरी कर्मचारी आजही तो विषय निघाला की चहाचा कप उचलून बाहेर जातात. विश्रांती या दुखण्याला लागू पडत नाही, आणि 'तुझी चूक नव्हती' हे वाक्य तर बऱ्याचदा उलटेच बसते.

चौथे दुखणे आपले स्वतःचे : नैराश्य, चिंताविकार, लहानपणीची एखादी न भरलेली जखम, घरातला छळ, दारू. मदत करणाऱ्या माणसाचा हा भाग कामाच्या आड सहज लपतो, कारण कामात ती व्यक्ती अनेकदा उत्तमच असते.

यांतले आपले कुठले, हे पाहण्यासाठी मी एक ठोकळ परीक्षा सुचवते. सलग चार-पाच दिवसांची खरी सुट्टी आठवा, ज्यात फोन बंद होता आणि लग्नघरची धावपळही नव्हती. त्या सुट्टीत मन मोकळे झाले आणि रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी पोटात पुन्हा गोळा आला, तर दुखणे बहुतांशी कामाच्या व्यवस्थेत आहे. सुट्टीतही तीच दृश्ये किंवा तोच 'असे केले असते तर' येत राहिला, तर ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात मोडते. आणि सुट्टीने काहीच फरक पडला नाही, किंवा रिकामा वेळ अधिकच जड गेला, तर चौथ्याचा विचार करावा. हे निदान नव्हे. कुठल्या बाजूला चालायला लागावे, एवढेच त्यातून कळते. अशी सुट्टी आठवतच नसेल, तर तेही उत्तरच आहे.

याच्या जोडीला पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरावी. ती मराठीतही आहे. गेल्या २ आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर शून्य नसेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. रुग्णांकडून ही प्रश्नावली भरून घेणारे स्वतः भरताना नवव्या प्रश्नावर खोटे लिहितात, हे मला अनुभवाने माहीत आहे, म्हणून कागद कोणाला दाखवायचा नाही असे ठरवूनच ती भरा.

हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्याही करून घ्या. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या आणि जेवणाच्या वेळा कधीच न पाळलेल्या स्त्रीचा थकवा 'मानसिक' ठरवून मोकळे होण्याची घाई नको.

कोणाकडे जायचे

औषधाची गरज भासण्याइतकी लक्षणे असतील, म्हणजे झोप आणि भूक उडाली असेल, काम होईनासे झाले असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे, म्हणजे मानसोपचारातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडे जावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते मूल्यमापन आणि मानसोपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ती तपासता येते. 'समुपदेशक' या शब्दाला मात्र आपल्याकडे अजून पुरेसे कुंपण नाही, दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावरही पाटी लागते, त्यामुळे शिक्षण कोणते, सराव किती वर्षांचा आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करते, हे तीन प्रश्न न लाजता विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाने रागावणारा समुपदेशक टाळावा.

आरोग्यक्षेत्रातील माणसांची खरी अडचण वेगळीच असते : जिल्ह्याच्या गावी जो एकुलता एक मानसोपचारतज्ज्ञ असतो, त्याच्याच ओपीडीत आपण रुग्ण पाठवत असतो, त्याच्या कंपाउंडरला आपण ओळखतो आणि त्याची बायको आपल्याच भिशीत असते. अशा वेळी सरळ जिल्हा बदलावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालील सेवा शेजारच्या जिल्हा रुग्णालयातही मिळते; ठाणे, पुण्यातले येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जायलाही दाखल व्हावे लागत नाही. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९०पासून काम करीत आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२पासून दूरध्वनीवरून समुपदेशन देत आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. रात्री तीन वाजता, औषधांची फेरी आटोपून नर्सिंग स्टेशनवर एकटे बसलेले असताना, याचा उपयोग होतो. दुसऱ्याला दिलेला हा क्रमांक स्वतः कधी फिरवला नसेल, तर एकदा तो फिरवून पाहावा.

खासगी सत्राला मुंबई-पुण्यात हजार-दोन हजार रुपये लागणे नवे नाही. कंत्राटी परिचारिकेला किंवा मोबदल्यावर काम करणाऱ्या आशाताईंना ते परवडणार नाही. सवलतीची फी असते का, हे पहिल्याच फोनवर विचारावे. अनेक जण काही जागा तशा राखून ठेवतात, पण फलकावर लिहीत नाहीत.

गोपनीयतेबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि मालक तुमचा रुग्णालय-प्रशासक असला म्हणून तो हक्क सैल होत नाही. त्याला अपवाद आहेत, जसे की तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका; शिवाय बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट व्यवहारातली. त्याच कायद्याच्या कलम २१नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागवले पाहिजे, हे खरे. परंतु वैद्यकीय देयकाची प्रतिपूर्ती कार्यालयातून मागितली, तर निदानाचा कागद लिपिकाच्या टेबलावरून जातो. तो जाऊ द्यायचा की पदरचे पैसे भरायचे, हे आधीच ठरवा, म्हणजे नंतर मनस्ताप होत नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. स्वतःसाठी स्वतः अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अशा झोप आणणाऱ्या, सवय लावणाऱ्या गोळ्या लिहू नका, आणि परिचारिकांनी त्या वॉर्डाच्या साठ्यातून घेऊ नयेत. झोप येते, म्हणून त्या बऱ्या वाटतात. काही आठवड्यांत त्यांच्याशिवाय झोप येईनाशी होते आणि मग हे कोणाला सांगायचीही चोरी होते. असे आधीच घडले असेल, तर गोळ्या एकदम बंद न करता मानसोपचारतज्ज्ञाकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्याव्यात.

खुर्चीत बसल्यावर

मी स्वतः पहिल्यांदा थेरपीला गेले, तेव्हा पहिली तीन सत्रे मी माझी केस मांडली. पार्श्वभूमी, लक्षणांचा कालावधी, संभाव्य कारणे, अगदी उपचाराची दिशासुद्धा सांगून झाली. चौथ्या सत्रात समोरच्या बाई म्हणाल्या, 'या मुलीबद्दल तुम्ही खूप छान सांगितलंत. ती आज आली आहे का?' त्या दिवशी मी पहिल्यांदा गप्प बसले.

ही चूक टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे शास्त्रीय शब्दांवर स्वतःहून बंदी घालणे. 'मला सेकंडरी ट्रॉमा आहे' असे म्हणण्याऐवजी 'त्या बाईचा चेहरा माझ्या बहिणीसारखा होता आणि मी तिची नाडी पुन्हा पुन्हा पाहत राहिले' असे सांगावे. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता, त्याच भाषेत बोलावे. खानदेशी, मालवणी, वऱ्हाडी, घरी जी असेल ती. थेरपिस्टला ती समजत नसेल, तर एखादा शब्द समजावून सांगावा लागेल इतकेच, पण तो शब्द सोडू नका.

दुसरी सवय थेरपिस्टला सांभाळण्याची. 'तुम्हाला उशीर तर होत नाही ना', 'हे ऐकून तुम्हाला त्रास होईल', 'तुमच्याकडे माझ्याहून वाईट केसेस असतील' ही वाक्ये तोंडातून बाहेर पडताच ओळखावीत. आपली ड्यूटी अजून संपलेली नाही, असा त्यांचा अर्थ असतो. समोरच्या माणसाला ऐकण्याचे प्रशिक्षण आहे, त्याची फी तुम्ही भरली आहे, आणि थकल्यावर जाण्यासाठी त्याच्याजवळ त्याची जागा असली पाहिजे. ती आहे का, हे तुम्ही आधीच विचारले आहे.

रुग्णाबद्दल बोलावे की नाही, हा प्रश्न बरेच जण प्रामाणिकपणे विचारतात. नाव, गाव, खाट क्रमांक, तारीख, वृत्तपत्रात आलेल्या प्रकरणाचा ओळखू येईल असा तपशील, यांतले काहीही सांगू नये. तुमच्यावर काय गुदरले, ते सगळे सांगावे. त्या मुलाच्या आईने तुमचा हात कसा धरला, हे तुमचे आहे.

फिरत्या पाळ्यांमुळे 'दर मंगळवारी पाच वाजता' हे जमत नाही, तेव्हा ड्यूटी लागल्यावर त्या पंधरवड्याच्या वेळा ठरवून घेण्याची सोय पहिल्याच भेटीत मागून घ्या. रात्रपाळी संपवून थेट सत्राला जाऊ नये. त्या वेळी माणूस एकतर रडतो किंवा झोपतो, आणि दोन्हींतून हाती फारसे लागत नाही. सत्र संपल्यावर थेट अतिदक्षता विभागातही शिरू नये, मध्ये अर्धा तास तरी ठेवावा. ऑनलाइन सत्रासाठी क्वार्टर्सच्या भिंती पातळ असतात; हेडफोन लावून गच्ची, दुपारी रिकामे असणारे उपकेंद्र किंवा उभी केलेली गाडी, जे मिळेल ते पाहावे. घरात 'ट्रेनिंगचा कॉल आहे' असे सांगून बसणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

सुरुवातीला सहा सत्रे ठरवावीत आणि सहाव्या सत्रात काय हलले, हे दोघांनी मिळून पाहावे. तीन-चार भेटींनंतरही मोकळे वाटत नसेल, तर तसे तोंडावर सांगावे. मदत करणारी माणसे इथे हमखास गोड बोलून पळ काढतात, 'घरी जरा गडबड आहे' असा निरोप पाठवतात आणि थेरपीच आपल्याला लागू पडत नाही असे ठरवून टाकतात. न जुळणे ही साधी गोष्ट आहे. दुसरे नाव मागून घ्या.

'च' कुठे काढावा आणि कुठे ठेवावा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीतून घरोघरी पोहोचली, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक थेरपिस्टांच्या हाताशी ती असते. तिचे सूत्र थोडक्यात असे की, घटनेइतकाच, किंबहुना घटनेहून अधिक, त्रास तिच्याविषयीच्या आपल्या हट्टी समजुतीमुळे होतो, आणि तो हट्ट मराठीत 'च' या एका अक्षरात सापडतो. 'माझ्या ड्यूटीत कोणी दगावताच कामा नये.' 'मी प्रत्येकाच्या उपयोगी पडलेच पाहिजे.' 'मला राग येताच कामा नये, मी समुपदेशक आहे.' यांतला 'च' काढून 'दगावू नये अशी माझी फार इच्छा आहे, त्यासाठी मी शिकस्त करीन, आणि तरीही ते घडू शकते' इथपर्यंत येणे हे दिसते तितके सोपे नसते, पण रात्री वाजणारी मनातली टेप त्यामुळे खरोखर मंदावते. घरी सराव करायचा, तर ड्यूटीनंतर वहीत दोनच ओळी लिहाव्यात : आज काय घडले, आणि त्याविषयी मी मनात कोणता 'च' लावला.

मात्र एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर असेल, आशाताईंचा मोबदला महिनोन्महिने थकला असेल, निवासी डॉक्टर सलग छत्तीस तास उभा असेल, तर त्यावरचा राग ही अविवेकी समजूत नव्हे. तो 'च' ठेवावा. थेरपिस्ट तुमचा हा राग 'दृष्टिकोनाचा प्रश्न' म्हणून गुंडाळू लागला, तर त्याला अडवा. आणि वर सांगितलेल्या परीक्षेत तुमचे दुखणे पहिल्या प्रकारचे निघाले असेल, तर थेरपीचा उपयोग बळ साठवायला होतो. बदल मागायचा तो मेट्रनकडे, अधीक्षकांकडे, संघटनेतर्फे. १२ मेच्या परिचारिका दिनाला होणारी दीड तासाची ताणव्यवस्थापन कार्यशाळा मी स्वतः घेतली आहे. पहिल्या रांगेतल्या सिस्टर दीर्घ श्वसन करता करता झोपी गेल्या, आणि त्या दिवशी त्यांना झालेला खरा लाभ तोच होता, असे मला आजही वाटते.

वाईट प्रसंग घडल्याच्या दिवशी

नातेवाइकांनी हल्ला केला, प्रसूतीत आई गेली, हेल्पलाइनवरचा फोन बोलता बोलता बंद पडला, अशा प्रसंगानंतर त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून 'काय घडले ते प्रत्येकाने तपशीलवार सांगा' असे करण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा फायदा दिसून आला नाही, काहींना अपायही होऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नये असे सांगते. त्याऐवजी साध्या गोष्टी कराव्यात : त्या व्यक्तीला त्या जागेपासून बाजूला न्यावे, पाणी आणि खायला द्यावे, घरी फोन लावून द्यावा, उरलेली पाळी दुसऱ्याने घ्यावी, एकटीला रात्री दुचाकीवरून घरी पाठवू नये. ती बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तर शेजारी बसावे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारावे, कारण पहिल्या दिवशी 'मी ठीक आहे' हेच उत्तर येते आणि ते खरेही असते. महिना उलटूनही दृश्ये, दचकणे आणि टाळाटाळ चालूच राहिली, तर आघातावर काम करणाऱ्या प्रशिक्षित थेरपिस्टकडे जावे.

मारहाण झाली असेल, तर समुपदेशन हा तक्रारीला पर्याय होऊ देऊ नये. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात परिचारिकांसह सर्वांचा समावेश आहे आणि ३ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. 'जाऊ द्या सिस्टर, त्यांचं माणूस गेलंय' असे म्हणून मिटवलेली प्रकरणे पुढे वर्षानुवर्षे माझ्यासारखीच्या खोलीत उलगडत राहतात.

एखादी सहकारी 'आता सगळं संपवावंसं वाटतं' अशा अर्थाचे काही बोलली, तर सरळ विचारावे : 'जीव द्यायचा विचार येतो का?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बहुतेकदा सुटकेचा श्वासच ऐकू येतो. आरोग्यक्षेत्रात धोक्याच्या वस्तू हाताशी असतात, म्हणून इथे दिरंगाई परवडत नाही. तिला एकटे सोडू नये, औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जावे, आणि तातडीची वेळ असेल तर १०८ किंवा ११२ला फोन करावा.

सहकाऱ्यांचा गट

थेरपीला जाणे सर्वांना जमणार नाही. पण एकमेकांचे ऐकण्याचा गट बिनखर्चात चालतो. लंडनमध्ये १९५०च्या दशकात मायकेल आणि एनिड बालिंट या दांपत्याने कुटुंबवैद्यांचे असे गट चालवले होते. त्यात एक डॉक्टर एका रुग्णाबद्दल टिपणांशिवाय सांगत असे आणि बाकीचे त्या दोघांतील नात्याविषयी बोलत. आपल्याकडे हे असे करता येईल : सहा ते दहा जण, पंधरा दिवसांतून एकदा, एक तास. एकीने एक प्रसंग सांगायचा, आणि मग खुर्ची थोडी मागे घेऊन गप्प बसायचे. बाकीच्यांनी 'तिच्या जागी मला काय वाटले असते' आणि 'त्या रुग्णाला काय वाटले असेल' एवढेच बोलायचे. सल्ला, औषधयोजना आणि 'मी असते तर' यांना मनाई. शेवटची पाच मिनिटे पुन्हा तिची.

गट कोणी चालवायचा, यावर त्याचे यश बरेचसे अवलंबून असते. जो वार्षिक गोपनीय अहवाल लिहितो किंवा मोबदल्याच्या कागदावर सही करतो, त्याने तो चालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशांच्या मासिक बैठकीनंतर असा गट घ्यायचा झाल्यास, गटप्रवर्तकताई कितीही मायाळू असल्या, तरी त्यांनी त्या तासापुरते बाहेर बसावे. सुरुवातीचे दोन-तीन गट निव्वळ तक्रारींचे होतील, ते होऊ द्यावेत. साधारण चौथ्या वेळी कोणीतरी खरा प्रसंग सांगते. समुपदेशकांसाठी मात्र असा गट सुपरव्हिजनची जागा घेऊ शकत नाही. केस योग्य दिशेने चालली आहे का, हे पाहणारा अनुभवी डोळा वेगळा हवा. तसेच सुपरव्हिजनमध्ये आपले घरचे प्रश्न सोडवून घेण्याचा मोहही आवरावा.

वेळ राखणे

थेरपी सोडून देण्यामागे न पटणे किंवा पैसा ही कारणे असतातच, पण या पेशांत आणखी एक कारण नेहमी आढळते : कोणीतरी ड्यूटी बदलून मागते. 'माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, तुझी दुपार मला दे ना,' असे म्हटल्यावर सत्राची वेळ सर्वांत आधी जाते, कारण ती आपल्या स्वतःची असते आणि तिचे कारण मोठ्याने सांगता येत नाही. यासाठी एक वाक्य आधीच पाठ करून ठेवावे : 'त्या वेळी माझी डॉक्टरांची वेळ आहे.' कुठले डॉक्टर, हे सांगायची गरज नाही. दात म्हटले तरी चालेल. लागोपाठ दोनदा वेळ रद्द झाली, तर तिसरी वेळ ठरवताना थेरपिस्टला ते मोकळेपणी सांगा, आणि ज्या सहकारिणीला तुम्ही दोन्ही वेळा ड्यूटी दिलीत, तिच्याकडून त्या दिवसाची एक दुपार परत मागून घ्या.